अकरा महिन्यांचे घर

२६ आणि २७ ऑगस्ट २०२५ च्या मधल्या रात्री, गणेशचतुर्थीचा दिवस उजाडण्यापूर्वी, विरार पूर्वेच्या विजय नगरातील रमाबाई अपार्टमेंट या चार मजली इमारतीचा एक भाग लगतच्या चाळीवर कोसळला. सतरा माणसे गेली. जी वाचली त्यांना चंदनसारच्या समाजमंदिरात हलविण्यात आले. इमारत २०१२ साली उभी राहिली होती आणि ती अनधिकृत होती. वृत्तपत्रांनी बिल्डरविषयी लिहिले, महापालिकेविषयी लिहिले, मृतांच्या वारसांना मिळणाऱ्या मदतीविषयीही लिहिले. हे सारे आवश्यकच होते. परंतु समाजमंदिराच्या फरशीवर अंथरूण टाकलेल्या माणसांपुढचा पहिला प्रश्न अगदी साधा होता : आता भाड्याने घर कोठे मिळेल आणि कोण देईल? आम्हाला आज याच प्रश्नाकडे, त्यातही वृद्ध जोडप्यांच्या संदर्भात, वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे.

अशा वस्तीत घर शोधणाऱ्या वृद्ध पतिपत्नींची परिस्थिती कार्यकर्त्यांना परिचित आहे. पती साठी ओलांडलेला, एखाद्या खाजगी कारखान्यातून वा दुकानातून निवृत्त. पत्नीचे गुडघे दुखतात, म्हणून तळमजला अथवा लिफ्ट हवी. मुलगा असेल तर तो स्वतःच एका खोलीत संसार करतो. दलाल पहिल्यांदा जात विचारतो, मग मांसाहाराविषयी विचारतो आणि शेवटी वय विचारतो. वय ऐकल्यावर घरमालकाला तीन भये वाटतात : भाडे थकेल, आजारपण निघेल आणि मुदत संपल्यावर म्हातारी माणसे बाहेर कशी काढावयाची? मग ‘नुकतेच दुसऱ्यांना दिले’ असे उत्तर मिळते. एवढे सोपस्कार होऊन घर मिळाले, तरी ते अकरा महिन्यांपुरते. वर्ष पुरे होण्याआधी पुन्हा भांडी गोणीत भरावयाची, पुन्हा टेम्पो बोलवावयाचा.

हा अकरा महिन्यांचा आकडा आला कोठून, हे समजून घेणे उपयुक्त आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती; ती चुकविण्यासाठी व्यवहारात अकरा महिन्यांची पळवाट रूढ झाली. परंतु ३१ मार्च २००० पासून अंमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ ने प्रत्येक भाडेकरार, मग तो पागडीचा असो वा लीव्ह अँड लायसन्सचा, लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे असे ठरविले. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली, आणि ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षाही सांगितली. म्हणजे या राज्यात अकरा महिन्यांच्या प्रथेमागचे मूळ कारण केव्हाच संपले आहे. मुदत अकरा महिन्यांची असो वा तीन वर्षांची, नोंदणी करावीच लागते.

घरमालकाचे दुसरे भय, की भाडेकरू बसून राहील, त्याचाही बंदोबस्त याच कायद्याने केलेला आहे. कलम २४ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपताच मालकाला जागेचा ताबा मिळण्याचा हक्क आहे आणि जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. तेव्हा तीन वर्षांच्या कराराने मालकाचे कायदेशीर संरक्षण तसूभरही कमी होत नाही. मग अकरा महिनेच का? कारण दर अकरा महिन्यांनी भाडे वाढविता येते, अनामत वाढविता येते आणि दलालाला नवी दलाली मिळते. कायद्याचा आधार गेला, तरी ज्यांच्या हिताची होती त्यांनी ती प्रथा जिवंत ठेवली.

या प्रथेची किंमत वृद्ध भाडेकरू कशी मोजतो, याचा उदाहरणापुरता हिशेब मांडू. भाडे महिना आठ हजार रुपये धरले, तर अकरा महिन्यांचे अठ्ठ्याऐंशी हजार होतात. त्यावर एक महिन्याची दलाली आठ हजार, करारनाम्याचा खर्च अडीच हजार, टेम्पो आणि हमाली साडेचार हजार. चाळीस हजारांची अनामत बिनव्याजी अडकून पडते. सहा टक्क्यांनी तिचे अकरा महिन्यांचे व्याज बावीसशे रुपये. ही बेरीज सतरा हजार दोनशे होते. म्हणजे पाटीवर आठ हजार लिहिलेले घर प्रत्यक्षात साडेनऊ हजारांच्या वर पडते. हाच करार तीन वर्षांचा असता, तर दलाली, करारनामा आणि हमाली मिळून होणारा पंधरा हजारांचा खर्च तीनदा न होता एकदाच झाला असता. अस्थिरता हीदेखील भाड्याचाच एक भाग आहे, आणि ती सर्वांत जास्त त्यालाच भरावी लागते ज्याचे उत्पन्न वाढणे थांबलेले आहे.

ते उत्पन्न तरी किती? १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली किमान निवृत्तिवेतन २०१४ साली महिना एक हजार रुपये ठरविण्यात आले. त्यानंतर वर्षानुवर्षे निवृत्त कामगार साडेसात हजारांच्या मागणीसाठी मोर्चे काढीत राहिले. इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत ऐंशी वर्षांखालील वृद्धासाठी केंद्राचा वाटा महिना दोनशे रुपये ठरला. राज्याने २०२३ साली श्रावणबाळ योजनेची रक्कम पंधराशे केली. या आकड्यांशेजारी वरचा हिशेब ठेवला म्हणजे निराळे भाष्य करण्याची गरज उरत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने मुलांवर पालनपोषणाची जबाबदारी टाकली, पण ज्या मुलाची स्वतःचीच मिळकत भाड्यात जाते, त्याच्याविरुद्ध न्यायाधिकरणात जाऊन आईबापांच्या हाती काय पडणार?

ही माणसे चंदनसारपर्यंत का आली, याचाही इतिहास आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. संप मोडला, गिरण्या बंद पडल्या, आणि १९९१ साली त्यांच्या जमिनींच्या विकासाचा नियम आला. २००१ च्या दुरुस्तीनंतर त्या जमिनींपैकी सार्वजनिक कामासाठी आणि परवडणाऱ्या घरांसाठी मिळावयाचा वाटा फारच आखडला. लालबाग-परळच्या खोल्या विकून अनेक कुटुंबे पश्चिम रेल्वेच्या शेवटच्या स्थानकांकडे सरकली. इकडे वसई-विरारच्या जमिनी बिल्डरांच्या हाती जात होत्या. ‘हरित वसई’च्या चळवळीने त्याला विरोध केला, तो आपल्या वाचकांना ठाऊक आहे. २००९ साली चार नगरपालिका आणि त्रेपन्न ग्रामपंचायती मिळून महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या बारा लाख बावीस हजारांवर होती. महापालिका आली, प्रभाग समित्या आल्या, चंदनसारलाही प्रभाग कार्यालय आले. परंतु अधिकृत आणि परवडणारे भाड्याचे घर आले नाही. त्याची जागा अनधिकृत इमारतींनी घेतली.

येथे एक अप्रिय सत्य स्पष्टपणे सांगितले पाहिजे. गरीब वृद्धाला परवडणारे भाडे बहुतेक वेळा अशाच इमारतीत सापडते. नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरी परिसरातील एकेचाळीस अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२४ अखेरीस आणि २०२५ च्या प्रारंभी पाडण्यात आल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. त्यांतल्या खोली विकत घेतलेल्यांची निदान फसवणूक तरी नोंदली गेली. पण तेथे भाड्याने राहणाऱ्याचे काय? त्याचे नाव कोणत्याही यादीत नसते. महापालिका कायद्याने तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी सक्तीची केली आहे. रमाबाई अपार्टमेंट तेराव्या वर्षी कोसळली. ज्या शहरात बांधकामच बेकायदा, तेथे वयाचा निकष लावून धोका ओळखता येत नाही, हा धडा सतरा प्राण गेल्यावर मिळाला आहे.

यावर काही मंडळी म्हणतील की भाडे नियंत्रणामुळेच भाड्याची घरे नाहीशी झाली. या आक्षेपात तथ्याचा अंश आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविले. अर्धशतकानंतर, डिसेंबर १९९७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने या गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरविल्या. गोठलेल्या भाड्यात मालक दुरुस्ती करीत नाही आणि नवा मालक बांधीत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळते. परंतु त्या कायद्याचा दोष अर्धाच सांगितला जातो. राज्यसंस्थेने भाडे गोठविले आणि स्वतः मात्र पुरेशी भाड्याची घरे बांधली नाहीत. संरक्षण दिले, पुरवठा दिला नाही. २००० सालानंतर लीव्ह अँड लायसन्सखाली मालकाला पूर्ण मोकळीक मिळाली. तरीही म्हाताऱ्या माणसाला घर मिळत नाही. तेव्हा मोकळा बाजार हे उत्तर नाही, हेही आता अनुभवाने सिद्ध झालेले आहे. देशाच्या शहरांत १९६१ साली निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याने राहत होती. २०११ पर्यंत हे प्रमाण अठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास आले. त्याच जनगणनेत शहरी भागांत एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली. घरे आहेत आणि माणसेही आहेत. दोघांची गाठ पडत नाही, कारण घर हे राहण्याचे साधन न राहता पैसा साठविण्याची पेटी झाले आहे.

सरकारी धोरणही याच पेटीची पूजा करते. २००८ साली महानगर प्रदेशात एकशे साठ चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना निघाली, बिल्डरांना जादा चटईक्षेत्र देण्याचे ठरले आणि काही वर्षांतच ती विक्रीच्या परवडणाऱ्या घरांच्या योजनेत वळविण्यात आली. चंदनसारहून जवळच, विरार-बोळींजला म्हाडाने मोठी वसाहत बांधली. पाण्याअभावी आणि किमतीपायी तेथील सुमारे पाच हजार घरे २०२३-२४ पर्यंत विक्रीविना पडून होती. त्यांतील हजार घरे वृद्धांना व कष्टकऱ्यांना भाड्याने द्यावीत, असे कोणाच्या मनातही आले नाही. व्हिएन्ना शहराने १९२३ साली घरबांधणी कर बसवून नगरपालिकेची भाड्याची घरे बांधण्यास आरंभ केला. शंभर वर्षांनंतर तेथील जवळजवळ निम्मे नागरिक नगरपालिकेच्या वा अनुदानित घरांत राहतात, आणि नगरपालिकेच्या घरातील म्हाताऱ्याला दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवावे लागत नाही. आपल्याकडेही मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या द्वारे कमाल जमीन धारणा कायद्याखालील जमिनीवर गोरेगाव-दिंडोशीत सामान्यांची घरे उभी करून दाखविली. तो कायदाच महाराष्ट्राने २००७ साली रद्द केला.

तेव्हा मागण्या नेमक्या असाव्यात. पहिली : साठ वर्षांवरील भाडेकरूशी होणारा करार किमान तीन वर्षांचा असावा, अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी आणि वार्षिक वाढ करारातच ठरलेली असावी. अनामतीची ही मर्यादा केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातच सुचविलेली आहे. राज्याने तेवढी तरतूद उचलण्यास अडचण कोणती? दुसरी : म्हाडाच्या नव्या आणि न विकलेल्या घरांचा निश्चित हिस्सा सार्वजनिक भाड्याची घरे म्हणून राखावा; त्यात तळमजल्यावरील घरे वृद्धांना प्रथम मिळावीत. तिसरी : प्रत्येक प्रभाग कार्यालयाबाहेर अनधिकृत व धोकादायक इमारतींची यादी ठळकपणे लावावी, आणि इमारत रिकामी करताना नोंदणीकृत करार असलेल्या भाडेकरूलाही पर्यायी निवाऱ्याचा हक्क मिळावा. चौथी : वृद्धांचे भाडे थकले तर काही महिन्यांची हमी देणारा निधी महापालिकेने उभारावा. ज्याच्याकडे एकच खोली आहे आणि जो तिच्या भाड्यातून बँकेचा हप्ता फेडतो, तो घरमालकही कष्टकरीच आहे. त्याचे भय खरे आहे, आणि ते भय समाजाने वाटून घेतले तरच त्याचे दार उघडेल.

शासन जागे होईपर्यंत कार्यकर्त्यांना स्वस्थ बसता येणार नाही. आपापल्या वस्तीत भाड्याने राहणाऱ्या वृद्धांची नोंदवही करावी. करार संपण्याच्या दोन महिने आधी त्यांच्याकडे जावे. कराराची नोंदणी करून देण्यास मालकाला भाग पाडावे. नोंदणी नसल्यास कराराच्या अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे प्रथमदर्शनी ग्राह्य धरले जाते, ही कलम ५५ मधील तरतूद त्यांना समजावून सांगावी. घर पाहण्यास म्हाताऱ्यांबरोबर एखाद्या तरुण कार्यकर्त्याने जावे. मागे माणसे आहेत हे दिसले की मालकाची भाषा बदलते. आणि प्रभाग कार्यालयावर जावयाचे तर पाच मालक आणि पन्नास भाडेकरू एकत्र घेऊन जावे.

१९९० साली पुण्यातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निवारा हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. त्या हक्काला अकरा महिन्यांची मुदत घातलेली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची घरे बांधणाऱ्या, दुसऱ्यांचे कारखाने चालविणाऱ्या माणसाला शेवटची वर्षे एका दाराआड निश्चिंतपणे काढता यावीत, एवढीच ही मागणी आहे. ती पदरात पाडून घेण्याचे काम आपले आहे.