दूरस्थाचे मत

जयपूर शहराच्या दक्षिणेस, टोंक रस्त्याच्या अंगाला, सांगानेरच्या विमानतळापासून फारसे दूर नसलेले प्रताप नगर हे राजस्थान गृहनिर्माण मंडळाने वसविलेले विस्तीर्ण उपनगर आहे. सेक्टरांच्या क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या या वसाहतीतील एका भागाला ‘एनआरआय कॉलनी’ असे नाव आहे. पेठांना आणि आळ्यांना तेथे राहणाऱ्यांवरून नाव पडावे हा जुना रिवाज. कासार आळीत कासार राहत, तांबट आळीत तांबट. येथे मात्र कायद्याच्या भाषेत जे ‘अनिवासी’ त्यांच्या नावाने वस्ती उभी आहे. अनुपस्थिती हाच ज्याचा पत्ता आहे अशा माणसाचे मत त्या गावाच्या कारभारात किती धरावे, हा प्रश्न त्या नावातच दडलेला आहे.

वादाच्या सोयीसाठी याच प्रताप नगरात एक मराठी गृहस्थ कल्पावा. नोकरीनिमित्त चाळीस वर्षांपूर्वी तो विदर्भातून जयपुरास आला, निवृत्त झाला, घर बांधून राहिला. त्याचा मुलगा कॅलिफोर्नियात अभियंता आहे. बाप परप्रांतस्थ, मुलगा परदेशस्थ. आणि दोघांचेही महाराष्ट्राविषयी ठाम मत आहे. आरक्षण, इतिहास, भाषा, पुतळे, यांपैकी कोणताही वाद तिकडे पेटला की त्याची धग रविवारच्या दूरध्वनीवरील संभाषणात पोहोचते. गावी राहिलेला चुलता या दोघांना एकाच वाक्यात गप्प करतो: ‘तुम्ही तिथं बसून बोलू नका.’

हे वाक्य महाराष्ट्रात फार लोकप्रिय आहे, आणि ते चुकीचे आहे. जो राहत नाही त्याने बोलू नये हा नियम लावला, तर मराठी समाजचिंतनातील कितीतरी मोलाची पाने फाडून टाकावी लागतील. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला आणि १८८६ मध्ये अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८८७ मध्ये फिलाडेल्फियात निघाला. पुण्यात बसून तो तितक्या निर्भयपणे लिहिता आला असता काय, याची शंका आहे. पुढे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या मराठी पुस्तकात त्यांनी अमेरिकेचे मोकळ्या मनाने कौतुक केले. पण तेथील काळ्या लोकांना आणि मूळ रहिवाशांना मिळणाऱ्या वागणुकीवर डोळा झाकला नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी कॉर्नेल विद्यापीठात असताना भारतीय जातिसंस्थेच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला, त्याचा पहिला खंड १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. आणि ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाच्या एका चर्चासत्रात भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याने भारतातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. त्यात केतकरांच्या व्याख्येची दखलही घेतली. दोन मराठी माणसांचा जातिसंस्थेविषयीचा तो वाद अटलांटिकपलीकडे झाला, आणि गावातल्या कोणत्याही पारावर झाला असता त्यापेक्षा खोल झाला. अंतराने दृष्टी मंदावते असे म्हणणाऱ्यांनी या तिघांकडे पाहावे.

पण या तिघांचे पुढे काय झाले, तेही पाहावे. रमाबाईंनी परत येऊन १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन काढले, ते पुढे पुण्यास नेले. १८९३ च्या धर्मांतराच्या गदारोळात सल्लागार मंडळातील मान्यवर बाजूला झाले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. केतकर परतले आणि ज्ञानकोशाच्या तेवीस खंडांपायी आयुष्य झिजवून १९३७ मध्ये विपन्नावस्थेत गेले. आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले तेव्हा कोलंबियाचा विद्वान म्हणून कोणी दार उघडले नाही. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. परदेशात बनविलेल्या मताची किंमत तिघांनीही स्वदेशात, रोखीने, भरली.

चुलत्याचा आक्षेप म्हणूनच चुकीच्या जागी बोट ठेवतो. माणूस कोठे बसून बोलतो याला महत्त्व नाही. त्याचे मत खरे ठरले वा खोटे ठरले, तर भुर्दंड कोणाला पडतो, एवढेच विचारायचे. या कसोटीवर घासले म्हणजे आजच्या परदेशस्थ मराठी मताचा मोठा भाग हिणकस निघतो, हे सौम्य शब्दांत सांगण्याचे कारण नाही.

आरक्षणाचेच घ्यावे. मराठा समाजास सोळा टक्के आरक्षण देणारा कायदा २०१८ मध्ये झाला. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. २०२४ च्या फेब्रुवारीत दहा टक्क्यांचा नवा कायदा आला. या साऱ्या काळात मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकरी आणि इतर मागासवर्गातील बलुतेदार यांच्यात जो ताण वाढला, त्यात दोन्ही बाजूंस खरी भीती होती. एकाला जमिनीच्या तुकड्यांची, दुसऱ्याला हातची जागा जाण्याची. कॅलिफोर्नियातील अभियंत्याला यांपैकी कोणतीच भीती नाही. तरी सर्वांत कडवे वाक्य त्याचेच असते: गुणवत्तेला देशात जागा नव्हती म्हणून देश सोडावा लागला. ज्या महाविद्यालयात तो शिकला ते सार्वजनिक पैशावर चालत होते, ही गोष्ट सोडून देऊ. पण अमेरिकेतील नोकरीचा त्याचा परवाना तरी कशाने ठरला? दरसाल पंच्याऐंशी हजारांची मर्यादा, आणि अर्ज अधिक आल्यास चिठ्ठ्या. कित्येक वर्षे हीच रीत होती. कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी तर कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारणतः सात टक्क्यांवर वाटा द्यायचा नाही असा तेथील कायदा आहे, आणि म्हणून भारतात जन्मलेल्यांची रांग वर्षानुवर्षे हलत नाही. त्या रांगेत उभा असताना हा अभियंता जन्मावरून माणसाचे भाग्य ठरण्याच्या अन्यायाविषयी जे बोलतो, ते अक्षरशः खरे असते. केवळ ते बोलणे मराठीत करून गावी पाठवावे असे त्यास सुचत नाही.

त्याच राज्यातील दुसरी हकीकत अधिक बोधक आहे. २००९ च्या फेब्रुवारीत पहिले विश्व मराठी साहित्य संमेलन कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे भरले, आणि त्याच्या अध्यक्षपदी होते ‘अस्मितादर्श’चे संपादक गंगाधर पानतावणे. दलित साहित्याच्या चळवळीचा एक अग्रणी सातासमुद्रापलीकडील मराठी मंडळींनी अध्यक्षस्थानी बसविला, याचे योग्य ते कौतुक झाले. चौदा वर्षांनी, २०२३ मध्ये, जातिभेदाला स्पष्ट शब्दांत मनाई करणारे विधेयक त्याच राज्याच्या विधिमंडळात आले, संमत झाले, आणि ऑक्टोबरात राज्यपालांनी, प्रचलित कायदे पुरेसे आहेत असे सांगून, ते परत पाठविले. भारतीय वंशाच्या अनेक संघटना त्याविरुद्ध उभ्या राहिल्या होत्या. दुसऱ्या अनेक त्याच्या बाजूने. विरोधकांचा मुद्दा असा की, अशा कायद्याने एकाच समाजावर संशयाचा शिक्का बसेल. मुद्दा चुकीचा असला तरी तो ऐकून घेण्याजोगा होता, कारण शिक्का बसलाच असता तर तो त्यांच्याच कपाळी बसला असता; तेथे ते बोलणारे आणि भोगणारे दोन्ही होते. पण तोच माणूस ‘आमच्यात जात उरलीच नाही’ असे अमेरिकन आमदाराला सांगतो आणि जातीमुळे आपली संधी हुकली असे जयपुरातल्या बापाला सांगतो, तेव्हा त्याच्या दोन मतांची एकमेकांशी भेट घालून देणे हे टीकाकाराचे कामच ठरते. उलट, पुण्यात जन्मलेल्या क्षमा सावंत यांनी सिएटलच्या नगरपरिषदेत २०२३ च्या फेब्रुवारीत जातिभेदबंदीचा ठराव मंजूर करून घेतला. त्या परत आल्या नाहीत. परत येण्याची आवश्यकताही नव्हती. जेथे मत द्यायचे तेथेच त्यांनी ते दिले, आणि टीकाही तेथेच झेलली.

किंमत चुकविण्याचा प्रश्न जयपुराने स्वतःच्या अंगणातही अनुभवला आहे. २०१२ च्या जानेवारीत येथील साहित्य महोत्सवास सलमान रश्दी येऊ शकले नाहीत. तेव्हा चार लेखकांनी, भारतात आयात करण्यास १९८८ पासून बंदी असलेल्या त्यांच्या कादंबरीतील उतारे व्यासपीठावरून वाचले. चौघांपैकी हरी कुंझरू आणि अमिताव कुमार हे परदेशस्थ. तक्रारी दाखल झाल्या, आणि चौघेही शहर सोडून गेले. त्यांचे धैर्य खोटे नव्हते. वाचले ते वाचण्याचा त्यांना अधिकारही होता. परंतु पुढील आठवड्यांत पोलिसांना उत्तरे देणारे आयोजक जयपुरातच होते, आणि अखेरीस रश्दींचे दूरचित्रसंभाषणही रद्द करावे लागले. ज्याच्या खिशात परतीचे तिकीट आहे त्याच्या धैर्याची आणि ज्याच्या खिशात ते नाही त्याच्या भित्रेपणाची तुलना करताना न्यायाधीशाने जरा हात आखडता घ्यावा.

त्याच शहरात, उच्च न्यायालयाच्या आवारात, मनूचा पुतळा आहे. तो १९८९ मध्ये बसविला गेला. न्यायमूर्तींनी त्याच वर्षी तो हलविण्याचा निर्णय घेतला. त्यास स्थगिती मिळाली, आणि पुतळा जागेवर राहिला. २००० सालच्या सुमारास बाबा आढाव यांच्या पुढाकाराने महाडपासून जयपूरपर्यंत आंदोलनाची यात्रा निघाली. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले ते महाडातच, तेव्हा वाटेचा आरंभ विचारपूर्वक निवडलेला होता. पुढे ८ ऑक्टोबर २०१८ रोजी औरंगाबादहून आलेल्या दोन महिलांनी पुतळ्यावर चढून काळा रंग फासला. त्यांना अटक झाली. त्यांच्या कृतीचे समर्थन करावे की नाही यावर सभ्य लोकांत मतभेद राहतील. पण परप्रांतातील वादावर मत देण्याचा त्यांचा अधिकार कोणी मोजायला बसलाच, तर त्यांनी तो शेकडो कोसांच्या प्रवासाने आणि कोठडीने मोजून दिला होता. प्रताप नगरातील गृहस्थाने ती बातमी वाचली असेल. ‘बाहेरून येऊन गोंधळ घालतात’ असे तो म्हणाला असेल, तर आपणही बाहेरूनच आलो आहोत हे तो विसरला असावा. (जयपूर आणि मराठे यांचा जुना व्यवहार तसा प्रेमाचा नव्हताच, १७५१ च्या जानेवारीत याच शहराने दरवाजे लावून हजारो मराठ्यांची कत्तल केली होती. त्या मानाने आजचा शेजार पुष्कळच बरा.)

आता या बापाच्या मताकडे वळावे, कारण मुलापेक्षा त्याची बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करण्याचा निर्णय काढला. जूनमध्ये त्यात शब्दांची फिरवाफिरव झाली. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. त्याच सुमारास मीरा रोड येथे मराठी न बोलल्यावरून एका मिठाईच्या दुकानदाराला मारहाण झाली, व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली, आणि ८ जुलैला मराठी भाषकांचा प्रतिमोर्चा निघाला. प्रताप नगरातील गृहस्थ त्या दिवसांत उत्साहाने म्हणाला, राहायचे असेल तर भाषा शिकलीच पाहिजे, नाही तर दोन ठेवून द्याव्यात. थप्पड मारणाऱ्या हाताला त्याने जयपुराहून आशीर्वाद दिला. त्या थपडेचा पडसाद उमटून एखाद्या परप्रांतीयाला कोठे उलट थप्पड बसलीच असती, तर ती मुंबईतल्या कोणाला नव्हे, त्यालाच बसण्याचा संभव होता. एवढा धोका पत्करून बोलला म्हणून त्याला मुलापेक्षा वरचे आसन द्यावे, तर तेही जमत नाही, कारण त्याला तो धोका दिसलाच नव्हता.

आणि गंमत अशी की, या एका वादात महाराष्ट्राला सांगण्यासारखे काही त्याच्यापाशी खरोखर होते. तो जेथे राहतो त्या प्रदेशाची बोली ढूंढाडी. जनगणनेच्या कोष्टकात ती स्वतंत्र भाषा म्हणून नाही, हिंदीच्या पोटात मोजली जाते. राजस्थानीला आठव्या अनुसूचीत स्थान द्यावे असा ठराव तेथील विधानसभेने २००३ मध्ये एकमताने केला. ते स्थान अद्याप मिळालेले नाही. शाळा, कचेरी आणि न्यायालय हिंदीत चालू लागले, घरातली भाषा घरात राहिली, आणि दोन-तीन पिढ्यांत ती भाषा बोलणारेच तिला ‘गावंढळ बोली’ म्हणू लागले, ही प्रक्रिया चाळीस वर्षे त्याच्या डोळ्यांदेखत चालली आहे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याने ती या वाटेपासून सुरक्षित झाली असे मानणाऱ्या पुण्या-मुंबईच्या वाचकाला, पहिलीच्या वर्गातून एखादी भाषा कशी हलके हलके बाहेर काढली जाते याची साक्ष जयपुराहून यायला हवी होती. दूरस्थाच्या मताला जो खरा अधिकार असतो तो हाच. त्याने जे पाहिले ते घरी राहिलेल्याने पाहिलेले नसते.

ती साक्ष आली नाही. चाळीस वर्षे तो दारावर येणाऱ्या भाजीवालीशी हिंदीत बोलत आला. ती सांगानेरकडच्या कोणत्या तरी गावाहून येते, घरी ढूंढाडी बोलते, आणि त्याच्या दारात आली की तीही हिंदी बोलते. त्या भाषेत मेथीला काय म्हणतात, हे त्याने तिला अजून विचारलेले नाही.