न्यायाला लागलेली गळती

सरकारी नोकरीत समाजाच्या सर्व थरांना वाटा मिळाला पाहिजे, या तत्त्वाला उघड विरोध करण्याचे धाडस आज महाराष्ट्रातील कोणताही पक्ष करीत नाही. व्यासपीठ कोणाचेही असो, फुले, शाहू, आंबेडकर ही तीन नावे उच्चारल्यावाचून भाषणाला प्रारंभ होत नाही. मग तंटा उरला कोठे, असे वाचकांस वाटेल. आमचे म्हणणे एवढेच की, तत्त्व दर्शनी दालनात सुखरूप असले तरी व्यवहारात त्याला मागील बाजूने गळती लागली आहे. आणि ती सभेच्या मंडपातून दिसत नाही, आस्थापना शाखेच्या कागदांतून दिसते.

पूर्वी अन्याय निदान उघड्यावर होता. शाहू महाराजांनी १८९४ साली कोल्हापूरचा कारभार हाती घेतला तेव्हा सामान्य प्रशासनातील ७१ पदांपैकी ६० ब्राह्मणांकडे होती आणि कारकुनांच्या ५०० जागांपैकी ब्राह्मणेतरांच्या वाट्याला अवघ्या दहा आल्या होत्या. स्त्रियांची गोष्ट तर स्वतंत्र भारतातील आहे. परराष्ट्र सेवेतील स्त्री अधिकाऱ्याने विवाहापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी आणि विवाहानंतर संसार कामाच्या आड येतो असे सरकारला वाटल्यास तिला राजीनामा द्यावयास सांगता यावे, असा नियमच होता. पुरुषाचा संसार कोणाच्याही कामाच्या आड येत नसावा! त्या सेवेतील पहिल्या स्त्री अधिकारी सी. बी. मुथम्मा न्यायालयात गेल्या आणि १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अशा नियमांची कठोर शब्दांत हजेरी घेतली. नियम छापील होता, म्हणून त्यावर बोट ठेवता आले. आजच्या गळतीची अडचण ही की, तिचा कोठे नियम नाही. प्रत्येक कागद स्वतंत्रपणे पाहावा तर निर्दोष. सर्व एकत्र मांडावेत तर राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदातील वचन त्यांतून पाझरून गेलेले.

ही किमया कशी घडते, ते थोडे अंकगणिताने पाहू. राखीव जागा मोजण्यासाठी जी बिंदुनामावली असते, तिच्यात प्रत्येक प्रवर्गाचा क्रमांक ठरलेला असतो. लहान संवर्गासाठी केंद्राने जी तेरा बिंदूंची पद्धत ठरविली, तीत चौथी जागा इतर मागासवर्गाची, सातवी अनुसूचित जातीची आणि अनुसूचित जमातीची थेट चौदावी. विद्यापीठ हे एक एकक धरले तर शेकडो जागांत हे क्रमांक सहज येतात. परंतु २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने विद्यापीठाऐवजी एकेक विभाग हे एकक धरावे असा निर्णय दिला. आता पाच शिक्षकांचा एखादा विभाग घ्या. पाच जागा भरल्यावर पुढे नऊ जण निवृत्त होतील, तेव्हा कोठे आदिवासी उमेदवाराची पाळी येणार! तोवर त्याचे केस पांढरे झालेले असतील. आरक्षणाची टक्केवारी कोणीही बदलली नव्हती. बदलला तो केवळ भाजक. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या निर्णयात हस्तक्षेप केला नाही. देशभरातील अध्यापक रस्त्यावर उतरले, आणि त्याच वर्षी आधी वटहुकूम काढून व मागाहून संसदेत कायदा करून पूर्वीची पद्धत परत आणावी लागली.

दुसरे उदाहरण एकाकी पदाचे. एकच पद असेल तर ते राखीव ठेवणे म्हणजे शंभर टक्के आरक्षण, ते घटनेत बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली ठरविले. निर्णयातील तर्क आम्हांस मान्य आहे. एक खुर्ची सातांत वाटता येत नाही. पण १७ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय लोकसेवा आयोगाने सहसचिव, संचालक आणि उपसचिव या दर्जाची ४५ पदे बाहेरील तज्ज्ञांतून भरण्यासाठी जाहिरात दिली आणि ही पंचेचाळीस पदे पंचेचाळीस वेळा ‘एक’ म्हणून मोजली गेली. पंचेचाळीस एकांची बेरीज शून्य येते, हे गणित आम्ही वर्गात कधी शिकविले नव्हते. ओरड झाली आणि तीन दिवसांत, २० ऑगस्टला, जाहिरात मागे घेण्यास आयोगास सांगण्यात आले. तज्ज्ञ बाहेरून घेण्यास आमची हरकत नाही. शासनाला त्यांची गरज आहे. हरकत आहे ती मोजण्याच्या या रीतीला.

ही दोन्ही छिद्रे निदान बोभाटा झाल्यामुळे बुजविली गेली. ज्याविषयी बोभाटा होत नाही, ते सर्वांत मोठे छिद्र म्हणजे कंत्राट. पद रिक्त झाले की ते भरायचे नाही. काम मात्र थांबत नाही, म्हणून ते बाह्ययंत्रणेकडे सोपवायचे. आणि यंत्रणेने पाठविलेला माणूस शासनाचा नोकरच नसल्यामुळे त्याच्या नेमणुकीला बिंदुनामावली लागू नाही, स्पर्धा परीक्षाही नाही. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा व्यापक निर्णय काढला, आणि तरुणांचा संताप पाहून ऑक्टोबरात तो रद्द केला. निर्णय रद्द झाला. कंत्राटाची सवय काही त्याच्याबरोबर गेली नाही. कोणत्याही महापालिकेच्या दवाखान्यात डोकावून पाहावे.

आरक्षणाने कार्यक्षमता घटते, अशी तक्रार आमच्या मध्यमवर्गीय वाचकांपैकी काहींच्या मनात असते, हे आम्ही जाणतो. प्रशासनाची कार्यक्षमता राखण्याची चिंता घटनाकारांनाही होती. ३३५ व्या अनुच्छेदात ती नमूद आहे. परंतु या वाचकांनी एक प्रश्न स्वतःस विचारावा. ठेकेदाराच्या यादीत नाव कोणत्या गुणवत्तेवर लागते? पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत खुल्या प्रवर्गातील मुलगा आणि राखीव प्रवर्गातील मुलगी एकाच बाकावर बसून रात्री जागवितात. वर्ष-दोन वर्षे जाहिरात निघत नाही, वय उलटत जाते, आणि ज्या जागेसाठी दोघे परस्परांना प्रतिस्पर्धी मानतात ती जागाच दरम्यान ठेक्यात गेलेली असते. आरक्षण आणि गुणवत्ता या दोहोंना एकाच वेळी बगल देण्याची ही युक्ती असताना तो मुलगा त्या मुलीवर रुष्ट व्हावा, यापरता दैवदुर्विलास नाही.

शिवाय ठेक्याच्या तळाशी कोण आहे? सफाईच्या कामात कोणत्या जातींची माणसे आहेत, हे शोधण्यास कोणतीही बिंदुनामावली लागत नाही. तेथे वाटा कोणी मागितला नव्हता, तरी तो पुरेपूर मिळाला आहे. याच माणसांची नोकरी पूर्वी कायम होती, तिला निवृत्तिवेतन होते, आणि त्या बळावर एक पिढी शिकून वर सरकली. आता तेच काम, तीच वस्ती, पण कायमपणा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००६ साली मागील दाराने झालेल्या नेमणुका कायम करण्यास मनाई केली, ती सर्वांना समान संधी मिळावी म्हणून. त्याच निर्णयाची ढाल करून वर्षानुवर्षे राबविलेल्या गरिबांना बाहेर काढले जाऊ लागले. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय जल आयोगातील सफाई करणाऱ्या स्त्रियांच्या प्रकरणात न्यायालयाला शासनाचे कान उपटावे लागले आणि त्यांना सेवेत नियमित करण्याचा आदेश द्यावा लागला.

उपाय नवा शोधावयास नको. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या आदेशात निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या, हे सर्वांना पाठ आहे. त्याच आदेशातील शेवटचा भाग मात्र जयंतीच्या भाषणांत येत नाही: प्रत्येक खातेप्रमुखाने, या आदेशानंतर झालेल्या सर्व नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी सादर करावा. केवळ सदिच्छेवर खातेप्रमुख हलत नाहीत, हे त्या राजाला विसाव्या शतकाच्या आरंभीच उमगले होते.

राज्य शासनाने असा त्रैमासिक तक्ता खातेवार प्रसिद्ध करावा. त्यात मंजूर पदे, भरलेली पदे, रिक्त पदे आणि ती किती दिवस रिक्त आहेत, हे यावे. प्रवर्ग, स्त्रिया व दिव्यांग यांचे आकडे पदाच्या श्रेणीनुसार यावेत, म्हणजे शिपायांची संख्या दाखवून सचिवांची झाकता येणार नाही. आणि त्याच पानावर, शेजारच्या रकान्यात, बाह्ययंत्रणेकडून घेतलेल्या माणसांची संख्या व त्यांच्यावरचा खर्च यावा. आकडे आस्थापना शाखांत आहेतच. विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात पहिला तक्ता सभागृहाच्या पटलावर ठेवण्यास कोणती अडचण आहे, हे सामान्य प्रशासन विभागाने सांगावे. आणि सत्ताधारी बाकांवरील सदस्यांनीही हा प्रश्न विरोधकांसाठी सोडू नये.