बंद खोलीतील व्यायाम आणि मनाची साथ

जूनमध्ये धारवाडची झिमझिम सुरू झाली की साधनकेरीच्या काठावरची आणि उणकल तलावाभोवतीची फिरणाऱ्यांची वर्दळ ओसरू लागते. वैद्यक व्यावसायिकांना तर बाराही महिने सकाळची फेरी आणि संध्याकाळचा दवाखाना यांमधून वेळ काढणे कठीण. मग घरात ट्रेडमिल येते किंवा जागच्या जागी चालवायची सायकल येते. पहिला महिना उत्साहात जातो. पुढे तिच्या दांडीवर ओले टॉवेल वाळू लागतात. आपण याला आळस म्हणतो. माझ्या मते हे निदान अपुरे आहे. अशा व्यायामात पाय थकण्याच्या आधी मन थकते आणि त्या मनाची कोणतीही सोय आपण केलेली नसते.

बाहेर चालताना झाडे, माणसे, चढउतार हे सारे मनाला आपोआप गुंतवून ठेवतात. चार भिंतींत हा आधार नाहीसा होतो. ट्रेडमिलचा पूर्वेतिहासही येथे बोलका आहे. इंग्लंडमध्ये विल्यम क्युबिट यांनी १८१८ च्या सुमारास कैद्यांसाठी पायांनी फिरवण्याची चक्की तयार केली. तासन् तास त्याच त्या पायऱ्या चढण्यातील एकसुरीपणा हा त्या शिक्षेचा गाभा होता. १८९८ च्या तुरुंग कायद्यानंतर ती प्रथा बंद होत गेली. जी गोष्ट एके काळी शिक्षा म्हणून योजली गेली, ती आज औषध म्हणून लिहून देताना तिच्यातील कंटाळ्याचा विचार करणे हे आपले कर्तव्यच ठरते.

यावरचा प्रचलित उपाय म्हणजे समोर दूरदर्शन संच आणि कानात इयरफोन. तो अगदीच टाकाऊ नाही. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातील कॉस्टास काराजिऑर्गिस यांच्या दीर्घ संशोधनातून असे दिसते की, हलक्या व मध्यम व्यायामात सुयोग्य संगीतामुळे श्रम कमी जाणवतात. व्यायाम तीव्र झाला की हा परिणाम ओसरतो. दुसरीकडे, विल्यम मॉर्गन आणि मायकेल पोलॉक यांनी १९७७ साली अव्वल मॅरेथॉन धावपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे धावपटू मन दुसरीकडे वळवत नव्हते. श्वास, पाय आणि वेग यांच्याकडेच त्यांचे सतत लक्ष होते. सामान्य धावपटू मात्र मन रमवून वेळ काढत असत.

आपल्या रुग्णांच्या बाबतीत या फरकाला अधिक गंभीर अर्थ आहे. मालिकेत गुंगलेल्या हृदयरुग्णाला छातीतील दडपण किंवा जबड्याकडे सरकणारी कळ उशिरा कळू शकते. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहीला रक्तशर्करा उतरल्याचा घाम हा व्यायामाचाच घाम वाटू शकतो. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी पुरेशी वाढत नाही, त्यामुळे यंत्रावरचा आकडा फसवा ठरतो. तेथे गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० अंकांची श्रममोजणी उपयोगी पडते. पण ती मोजायला रुग्णाचे मन शरीरापाशी हजर हवे. म्हणून मन पळवून नेणारी करमणूक हा दुय्यम उपाय मानावा आणि व्यायामाच्या आतच मनाला काम द्यावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

हे कसे करावे, याचे उत्तर शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. बंद खोलीत, त्याच त्या गोष्टीची दीर्घकाळ पुनरावृत्ती करण्याची विद्या या मातीने रियाजाच्या रूपाने जपली आहे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला जात. एक स्वरसमूह पक्का झाल्याखेरीज गुरू पुढचा देत नसत. तीच जागा शंभरदा घेताना मन शाबूत राहते, कारण प्रत्येक वेळी ते काहीतरी पारखत असते. सूर्यनमस्कारातही हीच योजना आहे. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ज्यांचा हिरिरीने प्रसार केला, त्या नमस्कारांत प्रत्येक आवर्तनाला सूर्याचे वेगळे नाव आणि प्रत्येक स्थितीला श्वासाचा नियम आहे. शरीराबरोबर जिव्हेला आणि गणतीलाही काम मिळते.

अर्ध्या तासाच्या चालीसाठी एक साधा क्रम सुचवतो. पहिली व शेवटची पाच मिनिटे संथ असावीत. मधल्या वीस मिनिटांचे चार भाग करावेत. पहिल्या भागात दोन्ही पावले सारखी पडतात का, ते ऐकावे. दुसऱ्यात श्वास किती पावलांत आत येतो आणि किती पावलांत बाहेर जातो, ते मोजावे. तिसऱ्यात ताल धरावा. मिनिटाला ११२ पावले पडत असतील तर तीनतालाची ७ आवर्तने होतात आणि सम नेहमी एकाच पायावर येते. रूपकच्या ७ मात्रा धरल्या तर ती आळीपाळीने दोन्ही पायांवर येते. हे सांभाळताना पाच मिनिटे कशी सरतात ते कळत नाही. चौथ्या भागात एक पूर्ण वाक्य न धापता बोलता येते का, ते पाहावे. गाणे ऐकायचेच असेल तर संथ भागात, हलक्या आवाजात ऐकावे. चालत्या पट्ट्यावर मोबाइल मात्र हाती घेऊ नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम हवा. आपण चिठ्ठीवर मिनिटे लिहितो आणि पुढचा रुग्ण बोलावतो. त्या मिनिटांत मनाने काय करायचे, हेही दोन वाक्यांत सांगावे आणि पुढच्या भेटीत त्याची आवर्जून विचारपूस करावी. आपल्या स्वतःच्या घरातल्या यंत्रावरचे टॉवेल उतरवून याचा आरंभ केला, तर आपल्या सांगण्याला वजनही येईल.