पडद्याचे अस्तर आणि अभ्यासाचा दिवा



पडद्याला अस्तर लावणे ही बंगलेवाल्यांची हौस, असे आपल्याला वाटते. पण त्याची खरी गरज एका खोलीच्या घरालाच आहे. आमच्या वस्तीत एका घरी वडील पहाटेच्या पाळीला जाणारे आणि मुलगी दहावीला. रात्री नऊ वाजले की वडील म्हणत, "बाळ, दिवा बंद कर." त्यांचेही खरेच होते. राबणाऱ्या माणसाला झोप हवीच. मग पोर जिन्यातल्या दिव्याखाली पुस्तक घेऊन बसे. खोलीत आडोशाला पडदा होता, पण पातळ. उजेड आरपार जाई.

अशा पडद्याला अस्तर गडद रंगाचे आणि घट्ट विणीचे सुती घ्यावे. दुकानात कापड दुहेरी करून दिव्यासमोर धरा. मागची बोटे दिसली तर ते कापड नको. कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासा, म्हणजे रंग जातो का ते कळेल. उन्हाच्या खिडकीला मात्र पांढरे मांजरपाट बरे. पांढरा रंग ऊन परतवतो आणि पुढचा पडदा लवकर विटत नाही.

आता हिशेब. तार ६ फूट असेल तर चुण्यांसाठी कापड दीडपट, म्हणजे ९ फूट रुंद हवे. ३६ इंची पन्ह्याच्या ३ पट्ट्या, प्रत्येकी ७ फूट, म्हणजे २१ फूट. आटण्याची सूट धरून ७ मीटर घ्या. पुढची बाजू दोन जुन्या सुती साड्यांत भागते. पैसा खर्चायचा तो अस्तरावर.

शिवण्याआधी अस्तर रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. ते पडद्यापेक्षा दोन इंच आखूड ठेवा आणि खालची कड पडद्याला जोडू नका. पुढे थोडे आटले तरी पडदा गोळा होणार नाही. वर फूटभर मोकळे सोडा, हवा खेळती राहील. दिवा मात्र खाली, टेबलावर ठेवा. स्टोव्ह आणि वंदनेच्या मेणबत्तीपासून पडदा लांबच असावा. पॉलिस्टर तर नकोच. ते पेटले की वितळून अंगाला चिकटते.

परळच्या चाळीत एका खोलीत राहताना रामजीबाबा भीमरावांना रात्री लवकर झोपवीत आणि दोन वाजता अभ्यासाला उठवीत. दिवसा गजबजलेल्या खोलीत शांतता मिळायची ती तेव्हाच. घर लहान होते, पण बापाने लेकराच्या अभ्यासाला वाट काढली.

त्या मुलीच्या आईने पडद्याला अस्तर लावले. आता पडद्याच्या एका बाजूला वडील झोपतात, दुसऱ्या बाजूला दिवा जळतो. पोर जिन्यातून घरात आली. आपल्या घरातले लेकरू कुठे बसून वाचते, ते आज रात्री पाहा.

जय भीम!