नकाशातील वेग आणि मालमोटारीचा वेग

हल्ली बेळगावहून पणजीस धान्य रवाना झाले की गिऱ्हाईक प्रथम भ्रमणध्वनीवरील नकाशा उघडते, आणि त्यात दिसणाऱ्या वेळेवरून हुंडेकऱ्याकडे तगादा लावते. तो आकडा कशावर उभा आहे, याचा विचार सभासद बंधूंनी करावा, एवढ्यासाठी हे चार शब्द.

रस्त्याचा वेग एक नसून तीन आहेत. पहिला कायद्याचा. केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८ मधील अधिसूचनेप्रमाणे चौपदरी मार्गावर मोटारीस ताशी १०० व मालमोटारीस ८० किलोमीटर, तर साध्या रस्त्यावर अनुक्रमे ७० व ६० ही कमाल मर्यादा आहे. दुसरा सल्ल्याचा, तो वळणाच्या इशाऱ्याजवळ लिहिलेला असतो. तिसरा व्यवहाराचा, म्हणजे चोर्ला घाटात (जड वाहनांस तेथे बंदी नसेल त्या दिवसांत) धुक्यातून भरलेली मालमोटार खरोखर जितकी चालेल तितका.

२००४ साली इंग्लंडात आरंभ झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकसहभागाच्या नकाशात या तिन्ही वेगांसाठी निरनिराळे रकाने आहेत. तिसऱ्या रकान्याविषयी तेथील जाणकारांचा आक्षेप असा की, पाटी कोणासही वाचून पडताळता येते. व्यवहारी वेग मात्र लिहिणाऱ्याच्या मतावर अवलंबून. आक्षेप रास्त आहे. मोटारीची चाल आणि दहा टन तांदूळ लादलेल्या गाडीची चाल एक नव्हे. तथापि म्हणून व्यवहाराचा आकडा कायद्याच्या रकान्यात दडपावा, किंवा कायद्याचीच मर्यादा धरून पोहोचण्याची वेळ काढावी, हे दोन्ही मला मान्य नाही. वाटेत तूट येते म्हणून आपण पोत्यावरील वजनाचा छाप खोडत नाही. तूट वेगळी मांडतो.

घाटाचे २० किलोमीटर ताशी ६० च्या वेगाने २० मिनिटांत सरतात, ताशी २० ने पूर्ण तास लागतो. ही ४० मिनिटे चालकाने आणावी कोठून? तो ती उतारावर आणू पाहतो, आणि तेथेच जिवाशी गाठ पडते. शिवाय वाट दाखविणारा नकाशा बहुधा मोटारीची वेळ सांगतो, मालमोटारीची नव्हे. असे असता उशिराबद्दल भाड्यातून कपात करण्याची रीत काही पेढ्यांवर पडू लागली आहे, ती मला अन्यायाची वाटते.

गाडी सुटल्याची व पोहोचल्याची वेळ आपल्या वह्यांत असतेच. मागील फेऱ्यांच्या त्या नोंदींवरून, पावसाळ्याची निराळी धरून, पोहोचीची मुदत ठरवावी. आणि केवळ नकाशाच्या आधारे कोणाही चालकाचे भाडे कापू नये, असा ठराव संघाने येत्या वार्षिक सभेपुढे ठेवावा.