जनपदोद्ध्वंस आणि अहेरीचा हिवताप

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात आत्रेय अग्निवेशाला सांगतात, की नक्षत्रे, ग्रह, चंद्र, सूर्य, वायू, अग्नी व दिशा यांत विकृतीची चिन्हे दिसत आहेत. तेव्हा भूमी निःसत्त्व होण्यापूर्वीच औषधी संग्रहित करून ठेव. पूर्वतयारीचा हा उपदेश प्राणहितेकाठच्या अहेरी परिसरात आम्हांला दरवर्षी आठवतो.

गडचिरोली हा महाराष्ट्रातील सर्वाधिक हिवतापग्रस्त जिल्हा होय. गाव जंगलात, ओढे गावालगत. डासांस आणखी काय हवे? घरांत फवारणी होते, मच्छरदाण्याही वाटल्या जातात. परंतु फवारलेली भिंत सणासाठी शेणामातीने सारवली, की कीटकनाशक झाकले जाते. कागदावर फवारणी पूर्ण होते, घर मात्र असुरक्षित राहते. पिकाच्या राखणीसाठी शेतात झोपणाऱ्यास घरातील फवारणीचा उपयोग नाही. त्याची मच्छरदाणी त्याच्यासोबतच गेली पाहिजे.

म्हणून आमचे मत असे, की फवारणीच्या तारखा ग्रामसभेत, माडिया-गोंडी बोलीत समजावून, पावसाळ्यापूर्वीच ठरवाव्यात. सारवण आधी, फवारणी नंतर, हा क्रम गावाने स्वीकारावा. रोग पसरल्यावर धावणारी सेवा ही अर्धीच सेवा होय.

दोष केवळ यंत्रणेचा नाही. ज्वराच्या रुग्णाची रक्ततपासणी न करवता केवळ काढा देणारा वैद्यही तितकाच उत्तरदायी आहे. फॅल्सिपॅरम हिवताप मेंदूपर्यंत पोहोचण्यास विलंब लावत नाही. भारताने २०३० पर्यंत हिवताप निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्याचा आरंभ आपल्या चिकित्सालयाच्या उंबरठ्यापासूनच व्हावा.