चांगला वाटाड्या कोणता?

मे महिना सरत आला आणि वळवाच्या एकदोन सरी पडून गेल्या, की अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या परिसरात काजव्यांचा हंगाम सुरू होतो. घाटघर, साम्रद, रतनवाडी, पांजरे या गावांभोवतीचे हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ असे वृक्ष रात्री असंख्य ठिणग्यांनी लुकलुकू लागतात. हा सारा डोंगराळ मुलूख १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो.

हा देखावा पाहण्यासाठी मुंबई, पुणे, नाशिकहून मोटारींच्या रांगा लागतात. पाहुण्यांना रानात नेणारे वाटाडे बहुधा इथलेच, महादेव कोळी वा ठाकर समाजाचे असतात. यांपैकी चांगला वाटाड्या कोणता? जास्तीत जास्त काजवे अगदी जवळून दाखवील तो, असे पुष्कळजण म्हणतील. मला मात्र हे पटत नाही. 'आता विजेरी बंद करा. इथून पुढे जायचे नाही,' असे जो ठामपणे सांगतो, तोच खरा जाणता वाटाड्या.

असे का, ते पाहू. काजव्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. ल्युसिफेरेज या विकराच्या साह्याने त्याचा प्राणवायूशी संयोग झाला, की प्रकाश निर्माण होतो. त्यात उष्णता जवळजवळ नसतेच. हा प्रकाश म्हणजे जोडीदाराला धाडलेला निरोप होय. प्रत्येक जातीची लुकलुकण्याची लय निराळी असते. अनेक जातींत नर उडता उडता खूण करतो आणि मादी गवतावर बसून उत्तर देते. मोटारीच्या दिव्यांच्या झोतात हा निरोप बुडून जातो. प्रौढ काजव्याचे आयुष्य थोड्याच आठवड्यांचे असते. त्यामुळे वाया गेलेल्या रात्री त्याला भरून काढता येत नाहीत. शिवाय अंडी ओलसर मातीत घातली जातात आणि अळ्या तेथेच गोगलगायींसारखे जीव खाऊन कित्येक महिने वाढतात. वाट सोडून पाचोळा तुडवणारा पाय पुढच्या वर्षीचे काजवेच तुडवत असतो.

यावर कोणी म्हणेल, 'मग वाटाडे पाहुण्यांना अडवत का नाहीत?' अडवणे सोपे नाही. हंगाम जेमतेम तीन-चार आठवड्यांचा, त्यात घरखर्चाला चार पैसे मिळायचे; नाराज झालेला पाहुणा पुढच्या खेपेस दुसऱ्याला बोलावतो. म्हणून सारी जबाबदारी एकट्या वाटाड्यावर टाकणे अन्यायाचे आहे. त्याची मजुरी आधी ठरलेली असावी, तुकडी लहान असावी आणि रानात त्याचा शब्द अखेरचा मानला जावा. कागदावरच्या नियमांना यानेच बळ येईल.

शिक्षकांनीही यात वाटा उचलावा. सहल नेताना मोटार गावातच थांबवावी, विजेरीवर लाल कागद लावावा आणि मुलांना वाटाड्याशी बोलू द्यावे. यंदा पहिला काजवा कधी दिसला? कोणत्या झाडावर? त्याआधी पाऊस केव्हा पडला होता? ही उत्तरे दरवर्षी वहीत लिहून ठेवली, तर दहा वर्षांत शाळेजवळ मोलाची शास्त्रीय नोंद जमा होईल. काजवे वाढताहेत की घटताहेत, याचा अंदाज अशा नोंदींवरूनच बांधता येतो.

तेव्हा मित्रहो, वाटाड्याने तुम्हांला थांबवले, तर रागावू नका. अंधारात स्वस्थ उभे राहा. डोळे सरावले, की आपोआप अधिक काजवे दिसू लागतील.